चिखलातले सहाशे मिलीमीटर: बागेतल्या खंदक रेल्वेच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

ठरलं एकदाचं. मागच्या कुंपणालगतची पट्टी, लांबीला साधारण साडेसहा मीटर आणि रुंदीला कुठे सव्वा तर कुठे दीड, ती घरच्यांनी मॉडेल रेल्वेसाठी माझ्या नावावर केली. अट एकच, टोमॅटोच्या वाफ्याला हात लावायचा नाही. विषय पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश लाइट रेल्वे, वेस्टर्न फ्रंट (पश्चिम आघाडी), साल १९१७, बेल्जियममधल्या ईप्रच्या बाजूचा मुलूख. मी राहतो बेडफर्डला आणि आमच्या बागेत पण तसलीच चिकण माती आहे, बुटाला चिकटली की सुटत नाही, त्यामुळे निसर्ग आपल्या बाजूने आहे असं समजू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रेंच तोफखान्यातल्या पेशो नावाच्या अधिकाऱ्याने ६०० मिमी गेजची, म्हणजे दोन रुळांमधे तेवढं अंतर असलेली, उचलून नेता येणाऱ्या रुळांची पद्धत बसवलेली आणि ती १८८८ पासून त्यांच्या सैन्यात होती. जर्मनांची स्वतःची तसलीच छोटी रेल्वे, फेल्डबान, होती. ब्रिटिश मात्र लॉऱ्या आणि घोड्यांवर विसंबून, कारण त्यांचा हिशोब असा की लढाई आज ना उद्या पुढे सरकणार, मग रूळ टाकून करायचं काय. १९१६ ला सोमची लढाई आली, हल्ल्याआधीच्या आठवड्याभरात १५ लाखांवर तोफगोळे उडवले आणि ते वाहून आणता आणता रस्त्यांची पार वाट लागली. मग एरिक गेडिस नावाच्या मुरलेल्या रेल्वेवाल्याला वाहतुकीचा सर्वेसर्वा करून फ्रान्सला आणलं, त्याने लाइट रेल्वेचा धडाका लावला आणि १९१७ च्या सप्टेंबरात याच चिमुकल्या गाड्या आठवड्याला २ लाख टनांवर माल ओढत होत्या.

स्केल १:१९, म्हणजे ज्याला इथे सोळा मिलिमीटर स्केल म्हणतात ते. ६०० भागिले १९ बरोबर साडेएकतीस-बत्तीस, आणि ३२ मिमीचे रूळ-चाकं बाजारात सर्रास मिळतात. ४५ मिमी गेजवर १:१३.७ करणारे पण लोक आहेत, मॉडेल दणदणीत दिसतं, पण साडेसहा मीटरमध्ये त्या मापाने काय मावणार.

२४ फेब्रुवारी

प्लॅन. गोल गोल फिरणारी लाइन करायची नाही हे पक्कं. चहा पिताना बघायला बरी वाटते, पण या रेल्वेचा सगळा जीव मालाच्या हातबदलात आहे आणि ते गोलात दिसतच नाही.

खरा प्रकार असा होता. मोठ्या गेजची गाडी मागे रेल्हेडपर्यंत, म्हणजे मोठी लाइन संपते तिथवर, माल आणायची. तिथून ६०० मिमीची वाफेची इंजिनं तो पुढे न्यायची, पण एका हद्दीपर्यंतच, कारण दिवसा धूर दिसतो आणि रात्री भट्टीचं दार उघडलं की उजेड, आणि समोरचा तोफखाना त्याचीच वाट बघत बसलेला. तिथून पुढे पेट्रोलची ट्रॅक्टर इंजिनं, तोफांच्या ठाण्यापर्यंत. आणि त्याच्याही पुढे खंदकांकडे जाणारी ट्रॅमवे, अगदी हलक्या रुळांची, तिच्यावर माणसं नाहीतर खेचरं वाघीण, म्हणजे मालाचा डबा, ढकलणार किंवा ओढणार.

म्हणून माझी पट्टी तीन भागांत. उजवीकडे डेपो, मधे अदलाबदलीचं यार्ड, डावीकडे उद्ध्वस्त जमीन आणि तोफांचं ठाणं. मधलं यार्ड सगळ्यात मोठं, तीन रूळ, पाण्याची टाकी, कंट्रोलची झोपडी. दोस्तांना प्लॅन पाठवला तर पहिला प्रश्न काय, तर रणगाडा कुठे ठेवणार? नाही ठेवणार. एकही नाही.

९ मार्च

खोदकाम झालं, पाठीचं भजं झालं. पायाला हलके सिमेंटचे ब्लॉक, ते एअरेटेड असतात ना, करवतीने कापता येतात ते, खाली खडी अंथरून त्याच्यावर बसवले. यांची खरी गंमत म्हणजे हे कोरता येतात. जुनी पळी, एक बोथट पटाशी आणि पावशेर धीर असला की गोळ्यांचे खड्डे मस्त उतरतात.

खड्डे कोरण्याआधी विमानातून काढलेले त्या काळचे फोटो पुष्कळ बघितले. गोल वाटीसारखा सुटा खड्डा तिथे क्वचितच दिसतो. एकात दुसरा घुसलेला, काठावर काठ कोसळलेला, मधे पातळ बांध उरलेले, आणि रूळ गेलेत ते त्या बांधांवरूनच वळणं घेत. त्यामुळे मीपण आधी खड्डे कोरले आणि मग लाइनला वाट शोधली. कागदावरची लाइन जरा बाजूला सरकली, आणि सरकलीय तीच जास्त बरी दिसतेय.

प्रत्येक खड्ड्याच्या तळाला सहा मिमीची नळी टाकली आणि वरून रबरी बूच. पाऊस पडला की खड्डे आपोआप भरणार, नको असेल तेव्हा बूच काढायचं.

१७ मार्च

वरचा थर टाकला, वाळू, सिमेंट आणि सिमेंटात घालायचा तपकिरी रंग. वाळल्यावर तीन छटा फिका पडतो हे लक्षात ठेवून गडद कालवला. बाकी दिवस पावसाने खाल्ला.

३० मार्च

रूळ. यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते या विषयात मॉडेल करायचं ते मुळात रूळच, इंजिन नंतर.

मुख्य लाइनला तिकडे दर यार्ड लांबीला (तीन फुटांना) २० पौंड वजनाचा रूळ असायचा, म्हणजे मीटरला साधारण दहा किलो. त्याची उंची अडीच इंचाच्या आसपास, आमच्या स्केलला सव्वातीन मिमी. बागेसाठी बाजारात जो तयार रूळ मिळतो तो पाच मिमी उंच, चालायला एक नंबर, पण १:१९ ला तो भलताच दांडगा दिसतो. मी ३.६ मिमीचा रूळ घेतला. मागच्या डेपोत अर्धा चिखलाखाली झाकून तयार ट्रॅक आणि पुढच्या दोन भागांत हातचा.

खरे तुकडे पाच-पाच मीटरचे, पोलादी स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, आधीच जोडलेले, चारसहा जणांनी उचलायचे आणि पुढच्याला भिडवायचे. स्केलने एक तुकडा २६३ मिमी. मी पितळी पत्र्याच्या पट्ट्या कापून, कडा दुमडून स्लीपर केले आणि रूळ वरून सोल्डरने डाग देऊन बसवले. त्यासाठी लाकडाचा जिग केला, दोन खाचा आणि स्लीपर बसवायला खुंट्या, एकदा हात बसला की तुकडा पटकन होतो. एक महत्त्वाचं, दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर येतात, पुढे-मागे नाही. मोठ्या रेल्वेची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. जोड समोरासमोर म्हणून दर पाच मीटरला लाइन तिथे खचणार, आणि दुरून बघितलं की लाटा दिसणार. त्या काळच्या फोटोत या लाटा स्पष्ट आहेत.

लेक येऊन म्हणाली, बाबा तुमचे रूळ वाकडे झालेत. म्हटलं वाकडेच करतोय गं बाई.

१४ एप्रिल

आजचा दिवस सगळा एकाच प्रश्नावर गेला. रूळ दिसायला भयंकर पाहिजेत आणि गाडी तर घसरता कामा नये. दोन्ही कसं साधायचं?

एक वाघीण, एक छोटी स्पिरिट लेव्हल आणि पत्र्याचे पातळ तुकडे घेऊन बसलो. तुकड्याखाली इकडेतिकडे पाचर घालायची आणि वाघीण ढकलायची. निकाल एकदम स्वच्छ आला. जोडापाशी दोन्ही रूळ बरोबरीने खाली गेले तर चक्क चार मिमीपर्यंत काही होत नाही, गाडी डुलते आणि जाते. लाइन आडवी वळली, अगदी जोडाला कोन पडला तरी सावकाश जाते. पण एकच रूळ खचला आणि दुसरा जागेवर राहिला, म्हणजे लाइनला पीळ पडला, की दीड मिमीला चाक वर चढतं. चाकांमधल्या अंतरात पीळ एक मिमीच्या आत ठेवायचा, बाकी हवा तेवढा अवतार करा. हे सूत्र मी शेडच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणि थोडी मदत वाघिणीकडून घ्यायची. चार चाकांच्या दोन बोग्या असतात, त्यातली एक डावी-उजवीकडे डुलणार नाही अशी घट्ट आणि दुसरी सैल. मग वाघीण तीन पायांच्या तिवईगत कुठेही नीट बसते. चाकांचं आतलं अंतर सगळीकडे २८ मिमी आहे ना ते गेजने तपासून घेतलं, एका बोगीची जोडी अर्धा मिमी आत होती, ती सरकवली.

४ मे

सिम्प्लेक्स! हे बेडफर्डचं अपत्य. मोटर रेल अँड ट्रॅमकार कंपनी इथलीच, त्यामुळे गावकरी म्हणून पहिलं इंजिन हेच करणं भाग होतं.

दोन मापं होती, २० हॉर्सपॉवर आणि ४० हॉर्सपॉवर. वीसचं म्हणजे चाकावर ठेवलेली पेटी, अगदी पुढे पळवायला. चाळीसचं सहा टनांच्या आसपास, आणि त्यात तीन प्रकार, उघडं, दोन्ही टोकांना चिलखती पत्रा आणि वर छत असलेलं प्रोटेक्टेड, आणि पूर्ण बंद, बघायला नुसत्या फटी ठेवलेलं आर्मर्ड. सैनिक त्यांना टिन टर्टल म्हणायचे. मी प्रोटेक्टेड घेतलं कारण त्यात ड्रायव्हर दिसतो, आणि ड्रायव्हर बसतो आडवा! इंजिन कुठल्या दिशेला चाललंय याचा त्याला फरकच नाही, मान इकडे वळवली की पुढे, तिकडे वळवली की मागे. गिअरबॉक्स पण तसाच, दोन्ही दिशांना सारखे गिअर. जिथे इंजिन फिरवायला जागाच नाही तिथे यापेक्षा शहाणं डिझाइन काय असणार.

बॉडीचे भाग थ्रीडी प्रिंट करून घेतले. फ्रेमची टोकं बाकदार असतात, तोच या इंजिनाचा चेहरा, आणि ती प्रिंटमध्ये मेणासारखी दिसत होती म्हणून एक मिमी पितळी पत्र्याची वाकवून केली. पत्रा गॅसवर तापवून मऊ केला आणि चोवीस मिमीच्या पाइपावर हळूहळू ओढला, दुसऱ्या टोकाला जुळेपर्यंत घाम निघाला. आत गिअरवाली मोटर, चार सेल, रेडिओ रिसीव्हर. रुळातून वीज घ्यायचा विचारसुद्धा केला नाही, चिखल हा विषय आणि रूळ पुसत बसायचं म्हणजे काय. उरलेल्या प्रत्येक पोकळीत शिसं. आता हातात घेतलं की वरवंटा वाटतो.

गंज. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. आपण मॉडेलवाले गंज मारायला बसलो की थांबत नाही. पण १९१७ मध्ये हा सगळा माल नवा कोरा होता हो! यातली बरीचशी इंजिनं आणि वाघिणी वर्षाच्या आतबाहेरच्या. चिखल भरपूर, ओरखडे भरपूर, माल आदळून पोचे पडलेले, पण आरपार खाल्लेला पत्रा हा शेतात तीस वर्षं पडलेल्या वाघिणीचा रंग झाला. मी खालून वर चिखल उडवला, जिथे हात आणि बूट लागतात तिथे रंग घासून धातू दाखवला, आणि गंज फक्त ब्रेकच्या आसपास.

१८ मे

आई-बाबा आले आहेत सहा महिन्यांच्या व्हिसावर. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, जेट लॅग वगैरे काही नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला माझ्या शेडमध्ये उभे.

"ही लढाई आहे म्हणतोस, मग यात लढाई कुठंय?"

"बाबा, तुम्ही ज्या वाघिणीला हात लावलाय ना, तीच."

मग त्यांना हिशोब सांगितला. वाघीण डी क्लास, दोन बोग्यांची, लोखंडी बाजूंची, माल जवळजवळ दहा टन. अठरा पौंडी तोफेची एक पूर्ण फैर काडतुसासकट साडेदहा किलोच्या आसपास, म्हणजे एका वाघिणीत नऊशे-साडेनऊशे. खेचराच्या पाठीवर जायच्या आठ. एक वाघीण म्हणजे शंभरच्या वर खेचरं, आणि त्या चिखलात खेचर पोटापर्यंत रुतायचं. आणि १९१७ च्या जुलैत ईप्रच्या तिसऱ्या लढाईआधी ४० लाखांवर गोळे डागले गेले. बाबा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, डिझेलचा हिशोब आम्ही पण असाच ठेवायचो, गाडीपेक्षा टँकर महत्त्वाचा.

असो. तर माल. अठरा पौंडीची फैर स्केलला २९ मिमी लांब आणि साडेचार मिमी जाड, कबाबच्या बांबूच्या काड्या त्याच जाडीच्या मिळतात. टोक शार्पनरमध्ये फिरवायचं, खालचा भाग पितळी रंग, वर फिकट पिवळा. सहा इंची हॉवित्झरचा गोळा आठ मिमीच्या गोल काठीचा. खऱ्याचं वजन ४५ किलो आणि तो एकेक करून माणसांनी हाताने उतरवायचा. लेकीने आणि तिच्या आजोबांनी मिळून किती रंगवले त्याची गणती नाही, वरच्या थरालाच खरे, खाली फोम आहे, पण आजोबांना ते मान्य नाही, त्यांचं म्हणणं वाघीण भरायची तर भरायची.

२ जून

सगळे मिळून लेटन बझर्डला. आमच्यापासून जवळच. तिथली लाइट रेल्वे १९१९ ची, युद्ध संपल्यावर उरलेलं सैन्याचं सामान घेऊन वाळूच्या खाणींसाठी टाकलेली, तेच दोन फुटी गेज. पण आमचं खरं काम ७७८ नंबरच्या बाल्डविनशी.

बाल्डविन ४-६-० (पुढे चार छोटी चाकं, मधे सहा ओढणारी, मागे एकही नाही), अमेरिकेत फिलाडेल्फियाला बनलेलं, ब्रिटिशांनी १९१६-१७ मध्ये असली ४९५ घेतली, नंबर ५०१ ते ९९५. वजन साडेचौदा टन. युद्धानंतर यातली बरीच भारतात विकली गेली, आणि हे ७७८ उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यात कित्येक वर्षं ऊस ओढत होतं. ईप्र, सोम असल्या नावांच्या मुलखासाठी बनवलेलं यंत्र, तिथून उसाच्या फडात, आणि मग १९९४ ला परत इंग्लंडला. बाबा चाकांपाशी उकिडवे बसून राहिले. त्यांच्या लहानपणी नगरकडच्या कारखान्यांत दोन फुटी रुळांवरून उसाच्या गाड्या जायच्या, त्यामुळे त्यांना हे इंजिन परदेशी वाटेचना, म्हणे हे आपल्याकडचंच आहे, यांनी नेलं.

मी मापं घेतली, फोटो काढले. जवळून बघितल्यावर कळतं की हे इंजिन किती उंच आहे गेजच्या मानाने. बॉयलर वर, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या वर, आणि खाली दोन फूट.

२२ जून

बाल्डविनची बॉडी उभी राहिली. वाफेचं करावं असा मोह झालेला, पण माझ्या पिळाच्या रुळांवर ब्युटेनची टाकी घेऊन आडवं पडणारं इंजिन नको, म्हणून हेही बॅटरीवरच.

आडवं पडणारं हे उगीच नाही म्हणत. खऱ्या बाल्डविनची ख्याती तीच होती. त्यात भर म्हणजे पुढे चार छोटी चाकं आणि मागे काहीच नाही, त्यामुळे उलटं चालवलं की रूळ सोडायचं. त्यावर तोड म्हणून मग अमेरिकेच्याच अल्को कंपनीकडून २-६-२ अशी शंभर इंजिनं घेतली, मागेही मार्गदर्शक चाकं असलेली, दोन्हीकडे सारखी चालणारी. माझ्या यार्डात बाल्डविन उलटं घेतलं की तिसऱ्या रुळाच्या काट्यावर मागचं चाक चढायला बघतं, अगदी इमानदारीत. शिसं टाक्यांच्या तळाशी भरून गुरुत्वमध्य खाली ओढला, आता सावकाश घेतलं तर जातं. मी नियम केलाय, बाल्डविन डेपोकडून येताना सरळ तोंडाने आणि परतताना रिकाम्या वाघिणी घेऊन, चालण्याच्या वेगाने.

पाण्याचा पाइप हा मला सगळ्यात आवडलेला तुकडा. या इंजिनांना वाटेत पाण्याची टाकी मिळेलच असं नाही, म्हणून वाफेच्या जोरावर पाणी ओढणारा लिफ्टर आणि लांबलचक होज बरोबर, तो थेट गोळ्याच्या खड्ड्यात सोडायचा आणि टाकी भरायची. त्या पाण्यात काय काय असेल आणि बॉयलरचं काय होत असेल, कल्पनाच केलेली बरी. होज कसा करायचा? गिटारची जाड, वेटोळे असलेली तार चालेल असं वाटलेलं, पण ती ताठ, लोंबत नाही. शेवटी वायरवरचं मऊ काळं सिलिकॉनचं वेष्टण घेतलं, त्याच्यावर तांब्याची बारीक तार अंतर ठेवून गुंडाळली आणि टोकाला छोटी पितळी जाळी. टाकीवर दोन वेटोळी टाकली की स्वतःच्या वजनाने बरोबर लोंबतं. खड्ड्यात सोडून फोटो काढला, आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी फोटो तोच.

रंगावरून वाद नको, फोटो सगळे काळे-पांढरे. मी काळपट राखाडी मारला आणि टाकीवर पांढऱ्यात एल आर (लाइट रेल्वे) आणि नंबर. नंबर ७७८ नाही दिला, जे इंजिन अजून शाबूत आहे त्याचा नंबर आपण का वापरा.

१३ जुलै

माणसं. नाशिकचा मित्र फोनवर म्हणे, यात आपली माणसं घाल की, मराठा पलटण दाखव. तर नाही दाखवणार, कारण ती इथे नव्हतीच. १९१७ चं ईप्र म्हणजे भारतीय पायदळ वेस्टर्न फ्रंटवरून हलून दीड वर्ष झालेलं. आपल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या, मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तिथेही नंतर शेख साद ते सिन अशी छोटी लाइन टाकली, पण ती आली तेव्हा कुत पडून गेलेलं. शिवाय गेज अडीच फुटी, म्हणजे आपल्या बार्शी लाइटचं गेज, १:१९ ला ४० मिमी, माझ्या रुळांवर चालायचीच नाही. कोणाला वाळवंट करायचं असेल त्याने जरूर करा, चांगला विषय आहे, मी खडी द्यायला येतो.

१९१७ पासून फ्रान्सला इंडियन लेबर कोअरची माणसं मात्र गेली, संथाळ, खासी, नागा, लुशाई, मणिपुरी, आणि त्यांच्याकडे रस्ते, रेल्वे, जंगलतोड, माल उतरवणं असली कामं. त्यांचं वेगळं छोटं दृश्य करायचं डोक्यात आहे, लाकूडतोडीचं आणि त्याच लाकडाचे स्लीपर कापतानाचं. ते ईप्रच्या खड्ड्यात नेऊन बसवणं म्हणजे मापात पाप.

माझ्या यार्डात सध्या रॉयल इंजिनिअर्सच्या लाइट रेल्वे ऑपरेटिंग कंपनीची मोजकी माणसं. ड्रायव्हर, सांधेवाला, झोपडीत टेलिफोनवाला. कोणी बंदूक रोखलेली नाही, एक जण बूट काढून मोजा पिळतोय. तो बाबांनी सुचवला.

३ ऑगस्ट

इथल्या बागेत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हिरवा रंग. उद्ध्वस्त जमीन केली आणि दोन आठवडे पाऊस झाला की तिच्यावर शेवाळाची गादी. मागच्या डेपोकडे चालतं, तिथे गवत असणारच, पण पुढच्या भागात एक पातं सुद्धा नको. व्हिनेगर मारून बघितलं, सिमेंट खाऊन पांढरं पडायला लागलं म्हणून बंद. आता बाबा रोज सकाळी टूथब्रश आणि चिमटा घेऊन निंदणी करतात. आई म्हणते गावची शेती विकली तेव्हा एवढं केलं असतं तर.

एक काळा पक्षी, ब्लॅकबर्ड, मधल्या मोठ्या खड्ड्यात रोज आंघोळ करतो आणि १:१९ ला तो शहामृगाएवढा दिसतो. गोगलगाई काड्यांचे गोळे चाटून रंग खातायत. त्यावर मॅट वॉर्निशचे दोन हात दिले.

पावसाने खालची माती फुगली आणि पुढच्या भागातले तीन-चार तुकडे पिळले. आधी ब्लॉक सरळ करायला निघालो होतो, मग लक्षात आलं तिकडे काय करायचे? तुकडा उचलायचा, खाली काहीतरी कोंबायचं, परत टाकायचा. फळकुटाच्या बारीक चिपा कोंबल्या, एका जागी वाळूची पोती घातली, पीळ एक मिमीच्या आत आला आणि डागडुजी केल्यासारखी दिसतेय ती दिसतेयच. गोळा पडून लाइन तुटणं तिथे रोजचंच होतं आणि तुकडे बदलायला टोळ्या तयार असायच्या. एका जागी मी मुद्दाम तुटलेला, वर वळलेला तुकडा बाजूला फेकलाय आणि नवीन तुकडा चिखल न लागलेला, स्वच्छ.

२५ ऑगस्ट

रात्रीची पहिली पूर्ण फेरी. पुढच्या भागातली वाहतूक मुख्यतः रात्रीच चालायची, दिवे नाहीत, आणि गाड्या कंट्रोलच्या टेलिफोनवर सोडायच्या. म्हणून आम्ही पण तसंच. बाबा मधल्या झोपडीपाशी खुर्ची टाकून कंट्रोल, मी डेपोवर, लेक तोफांच्या ठाण्यावर, टेलिफोन म्हणजे व्हॉट्सॲप कॉल. नियम असा की समोरचा "लाइन मोकळी" म्हणत नाही तोवर गाडी हलवायची नाही.

बाल्डविनने दोन डी वाघिणी आणि एक एफ, म्हणजे खुंट्यावाली सपाट वाघीण, यार्डात आणून सोडली. पाणी भरलं. मग इंजिन सुटं करून दुसऱ्या रुळाने मागे. सिम्प्लेक्स आलं, एकदम तिन्ही वाघिणी चढाला ओढवत नाहीत त्याला, म्हणून एकेक करून नेल्या. डी ची पहिली फेरी व्यवस्थित. एफ वर सहा इंची गोळे होते आणि ती खड्ड्यांमधल्या बांधावर अशी काही डुलली की लेक फोनवर ओरडली. पण गेली. बाबा मधेच दोघांना लाइन मोकळी देऊन बसले, दोन्हीकडून गाड्या निघाल्या, तर स्वतःच फोनवर "थांबा रे थांबा, डेपो मागे घे" सुरू. तीस वर्षांत कधी ब्रेकडाउन चुकीच्या गाडीला पाठवला नाही म्हणे, आणि इथे घात झाला.

शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. त्यांच्या आजोबांची तोफखान्यातली पदकं घरात आहेत म्हणाल्या, पुढच्या वेळेला दाखवते म्हटल्यात.

१४ सप्टेंबर

शेवटचा तुकडा, खंदकाकडची ट्रॅमवे. हिला तिकडे ९ पौंडाचा रूळ, म्हणजे मुख्य लाइनच्या निम्म्याहून कमी. स्केलला अडीच मिमीच्या आतला रूळ लागतो. तो मिळाला एका छोट्या गेजवाल्याकडे उरलेला. यावर इंजिन जाणारच नाही, फक्त ढकलगाडी, दोन माणसं, वर पाण्याचे डबे आणि काटेरी तारेची भेंडोळी. परतताना हीच गाडी जखमींना आणायची, स्ट्रेचर आडवं टाकून. एक स्ट्रेचर केलंय, गॉझपट्टी आणि दोन काड्या. सध्या ते रिकामंच भिंतीला टेकवून ठेवलंय, भरलेलं करायचं का यावर घरात एकमत नाही. माझा कल ठेवण्याकडे आहे, गोळे पुढे जाताना दाखवतोय तर उलटी फेरी लपवायची कशाला. बायको म्हणते लेकीला विचार. विचारतो.

थंडी सुरू व्हायच्या आत पुढचे तुकडे उचलून शेडमध्ये न्यायचेत, खालच्या क्लिपा काढल्या की सुटतात. बुचं काढून खड्डे रिकामे करायचे, नाहीतर पाणी गोठून ब्लॉक फुटणार. बाबांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे, त्याआधी अल्को २-६-२ ची फ्रेम त्यांच्याकडून फाइल करून घ्यायची, कारण चौकोन काटकोनात आणणं हे काम माझ्यापेक्षा त्यांना चांगलं जमतं. पत्रा मागवलाय, बुधवारपर्यंत येईल.